‘बायकांचं टॉनिक’ सगळ्यांना चालतं?

चीन, तैवान, हाँगकाँगमध्ये पाळी संपली की मुलीला ‘सि वू थांग’ हा ‘बायकांचं टॉनिक’ समजला जाणारा काढा उकळून द्यायची जुनी पद्धत आहे. तांगक्वेई, शिजवलेली रेहमानिया, पांढरा पिओनी आणि च्वानश्योंग, एवढ्या चारच मुळ्या. त्यावरून ‘झाडपाला आहे, कुणीही कधीही घ्यावा’ असा समज पसरला. गंमत म्हणजे खुद्द चिनी वैद्यच तो मानत नाहीत. सर्दी-तापात पौष्टिक काढा घेणं म्हणजे चोर घरात असताना दार लावून घेणं, म्हणजे आजार आतच कोंडणं, असं ते म्हणतात. काळी, चिकट रेहमानिया पचायला जड. जुलाब होत असतील, भूक मेली असेल तर पोट आणखी बिघडतं. पाळीत अंगावरून जास्त रक्त जात असेल तेव्हाही नकोच.

खरा धोका वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना. तांगक्वेईमुळे या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, ऑपरेशन ठरलं असेल किंवा दिवस गेले असतील तर हा काढा स्वतःच्या मनाने घेऊ नये. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं, की गोळ्यांबरोबर काढ्याचंही नाव सांगावं. नेमकं तेच बहुतेकदा राहून जातं.