ऑटोपायलट बिघडला म्हणजे विमान पडलं, असं नसतं

ऑटोपायलट (विमान आपोआप उडवणारी यंत्रणा) बंद पडला की विमान कोसळतं हे वर्षानुवर्षं फिरतंय, पण ते चुकीचं आहे. तो पायलटने सांगितल्याप्रमाणे उंची, दिशा अन् मार्ग धरतो, निर्णय पायलटचेच. तो सुटला, म्हणजे आपोआप बंद झाला, की अलार्म वाजतो, आणि न सुटता उलटसुलट वागायला लागला तर पायलट बटण दाबून त्याला काढतात, मग एकजण हाताने उडवतो, दुसरा चेकलिस्ट बघतो, जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला कळवतो. लोक २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाच्या अपघाताचं उदाहरण देतात, पण तिथे वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट ठरल्याप्रमाणे सुटला, आणि नंतर पायलटने विमानाचं नाक वर खेचत राहिल्याने ते स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल कमी पडून खाली येत गेलं, २२८ माणसं गेली. म्हणूनच जास्त उंचीवर हाताने उडवायचा सराव सिम्युलेटरमध्ये व्हायलाच हवा, त्यात काटकसर नकोच.