बोर्डिंगच्या खोलीतून ‘पीअर कोच’पर्यंत

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहिले की आसपास जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा पाट्या दिसतात. कोल्हापुरात ‘वसतिगृह’ हा शब्द कागदावरचा, बोलण्यात ‘बोर्डिंग’च. इथे ज्याबद्दल लिहायचे आहे त्याचे आजचे नाव ‘पीअर कोचिंग’, म्हणजे विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याला अभ्यासाचे वळण लावणे, आणि ते नाव अमेरिकेतून आले आहे. तरी सुरुवात या चौकातून केलेली बरी.

आधी विषय काय तो. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला वरच्या वर्गातला कुणी मुलगा किंवा मुलगी आठवड्यातून एकदा भेटते. धडा शिकवायचा नाही, हा पहिला नियम. टिपणे कशी काढलीस, आठवडा कसा आखलास, पुस्तक मिटून काही सांगता येते का, पेपर हातात आल्यावर पहिली दहा मिनिटे काय करतोस, एवढेच विचारायचे. विषयाची शिकवणी वेगळी आणि अभ्यासाची शिकवणी वेगळी. ही दुसरी शिकवणी कॉलेजात कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. प्राध्यापकांना वाटते ती शाळेत झाली असेल, शाळेला वाटते ती पुढे होईल आणि क्लासवाले तयार नोट्स हातात देऊन प्रश्नच मिटवतात.

‘कोच’ या शब्दाची गंमत सांगायला हवी. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे. तिथे बनणाऱ्या घोडागाडीला गावाचे नाव पडले आणि ते युरोपभर पसरले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार करून देणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. हा गाडीत बसवतो आणि मुक्कामाला नेऊन सोडतो, आपण नुसते बसायचे. खेळाच्या मैदानावर हा शब्द त्यानंतर गेला. म्हणजे आपल्याकडचे ‘कोचिंग क्लास’ मूळ अर्थाला अगदी धरून आहेत. ‘पीअर कोच’ मात्र गाडीतून उतरवून चालायला लावतो.

मुलांनी मुलांना शिकवण्याची पहिली गाजलेली योजना भारतातूनच इंग्लंडला गेली. १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर इथे लष्करातल्या अनाथ मुलांची शाळा अँड्र्यू बेल या पाद्रीकडे आली. जवळच्या एका गावठी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेतही ती रीत आणायचे ठरवले. त्याचे शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच लहान मुलांसमोर बसवले. प्रयोग जमला. १७९७ मध्ये बेलने त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या साउथवर्क भागात अशीच शाळा काढली आणि ‘मॉनिटर’ पद्धत जगभर गेली. आपल्या वर्गातला मॉनिटर तिचाच उरलेला तुकडा.

इकडे पंतोजीच्या शाळेत यात नवल नव्हते. धूळपाटीवर हात धरून गिरवून घेणारा, संध्याकाळी परवचा म्हणवून घेणारा बहुतेक वेळा थोरला विद्यार्थीच असे. पण बेल-लँकेस्टरच्या योजनेत एक खोट होती, आणि ती आजही डोके वर काढते. थोडक्या पगारात पुष्कळ मुले सांभाळणे हा तिचा खरा हेतू. मॉनिटरला दरारा मिळाला, शिकणाऱ्याला घोकंपट्टी. एका कॉलेजात मी पाहिले आहे, ‘मेंटॉर’ नेमलेल्या मुलांना पहिले काम दिले होते हजेरी घेण्याचे.

आता पुन्हा कोल्हापूर. राजाराम कॉलेज १८८० सालचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे शिक्षण काही काळ इथेच झाले. पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या पोराला कॉलेजचा दरवाजा उघडा असून उपयोग नव्हता, कारण शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय हाच प्रश्न होता. शाहू महाराजांनी तो प्रश्न मुळात धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, जैन बोर्डिंगही त्याच साली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मग लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत अशी रांगच लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. ती चर्चा मोठी आहे, इथे शिरत नाही.

मला या बोर्डिंगांत दुसरेच काही दिसते. ज्याच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलेले नाही, अशा मुलाला पुस्तकापेक्षा जास्त अडते ते पुस्तकाशी वागायचे कसे हे. पहाटे किती वाजता उठायचे, एकाच पानावर तास घालवायचा की पुढे जायचे, गणित अडले तर किती वेळ झुंजायचे, परीक्षेच्या आदल्या रात्री झोपायचे की जागायचे. शिकलेल्या घरातल्या मुलाला हे चहाबरोबर मिळते. बोर्डिंगातल्या मुलाला ते शेजारच्या वळकटीवरच्या, दोन वर्षे पुढे असलेल्या मुलाकडे बघून मिळाले असणार. कुणी शिकवत नव्हते, पण समोर दिसत होते.

कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून याच बोर्डिंगांच्या कोल्हापुरात राहिले. पुढे साताऱ्यात ते शिकवण्या घेऊन पोट भरत, लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच बोर्डिंग सुरू झाले. एकत्र रांधायचे, एकत्र राबायचे, एकत्र वाचायचे. ‘कमवा आणि शिका’ची चर्चा आपण नेहमी कमाईच्या बाजूने करतो. पण दिवसभर बरोबर राबणारी मुले रात्री एका कंदिलाभोवती काय करत असतील, त्यातही शिक्षणच होते.

कोल्हापूरकराला ही गोष्ट तालमीतून चटकन समजते. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. डाव तो सांगतो, पण अंगात मुरतो जोडीमुळे. आपल्यापेक्षा थोडा सरस असलेला जोडीदार नव्या पोराला लगेच चितपट करत नाही. पकड घेऊ देतो, कुठे ढिली पडते ते अंगानेच कळू देतो, मग सोडवून घेतो. फारच सरस जोड दिली तर पोरगा नुसता पडत राहतो, कमी दिली तर शिकत नाही. किती अंतराची जोड लावायची, यातच वस्तादाची पारख. कॉलेजातल्या योजनांत नेमकी हीच पारख राहून जाते. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी चांगली कोच होईलच असे नाही, तिला अडणे म्हणजे काय तेच आठवत नसते. एखादा पेपर एटीकेटीने राहून मग निघालेला पोरगा पुष्कळदा जास्त कामाचा.

मग ही साखळी तुटली कुठे? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि पुढच्या दशकांत तालुक्याच्या गावापर्यंत कॉलेजे पोहोचली. हे फार चांगले झाले, विशेषतः मुलींसाठी. पण त्याबरोबर बहुसंख्य विद्यार्थी एसटीने येणारे झाले. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून सकाळी लवकर निघायचे, तास करायचे आणि दुपारची गाडी धरायची. तासाला शेजारी बसलेला मुलगा संध्याकाळी अभ्यास कसा करतो हे कधी दिसतच नाही. वरच्या वर्गातला तर ओळखीचाही नसतो. बोर्डिंग देत होते ते सहवासाचे शिक्षण कॉलेज वाढताना गळून पडले आणि त्या पोकळीत क्लास आले.

त्यात भाषेची भर. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेला मुलगा विज्ञानाला किंवा अभियांत्रिकीला गेला की पुस्तक एकदम इंग्रजी. त्याला वाटते आपल्याला विषय येत नाही. खरे तर तो वाक्यात अडकलेला असतो. वर सेमिस्टर. नवे कॉलेज कळेपर्यंत पहिली परीक्षा दारात उभी राहते.

मी स्वतः पहिल्या वर्षी मंगळवार पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. खोलीत चंदगडकडचा एक दादा होता, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. मी पिवळ्या पेनने अर्धे पुस्तक रंगवून बसलो होतो.

“किती झालं?” त्याने विचारले.

“दादा, तीन युनिट वाचून झाली.”

“वाचून झाली की आली?” पुस्तक मिटून त्याने उशीखाली ठेवले. “सांग बघू.”

मला चार वाक्येही सांगता आली नाहीत. तो हसला नाही, चहाला घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, “आता जेवढं आठवतंय तेवढं लिही, मग पुस्तक काढ.” त्याला कुणी प्रशिक्षण दिले नव्हते. मिटलेल्या पुस्तकाची ही युक्ती जगभर तपासली गेली आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ती तपासणी जुनी आहे. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून माणूस किती झपाट्याने विसरतो याचे केलेले मोजमाप प्रसिद्ध केले. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सनने १९४० च्या दशकात वाचनाचे पाच टप्पे मांडले. आधी वरवर चाळा, प्रश्न काढा, मग वाचा, न बघता सांगा, पुन्हा उजळणी करा. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी पानाच्या डाव्या बाजूला रकाना सोडून टिपणे काढायची पद्धत रूढ केली. आणि २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की व सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा युक्त्या पारखल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागून करणे, या दोन अव्वल ठरल्या. ओळी रंगवणे आणि पुन्हापुन्हा वाचणे तळाला गेले. आपली पोरे नेमके तेच तळातले करतात. मीही करत होतो.

म्हणजे ज्ञान होते, पुस्तके होती. पण पुस्तक वाचता न येणाऱ्याला वाचन कसे करावे याचे पुस्तक देऊन काय होणार? वळण मिळाले १९७३ मध्ये. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डियाना मार्टिन यांनी एक साधी अदलाबदल केली. कच्ची मुले हुडकण्याऐवजी त्यांनी अवघड विषय हुडकले, म्हणजे ज्यांत पुष्कळ मुले नापास होतात ते. त्या विषयात आधी चांगले पास झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा त्याच तासाला बसवायचे आणि मग त्याने सगळ्यांसाठी खुली बैठक घ्यायची. यायची सक्ती नाही. त्याने उत्तर सांगायचे नाही, प्रश्न गटाकडे परत टाकायचा. कुणाच्या कपाळावर ‘कच्चा’ असा शिक्का नाही, त्यामुळे हुशार मुलेही येत. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. (‘पीअर कोचिंग’ हे नाव मात्र १९८० च्या दशकात शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहण्यासाठी वापरले जात होते. विद्यार्थ्यांकडे ते मागाहून सरकले.)

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइसमन यांना एक कोडे पडले होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. तयारी कमी, घरचे वातावरण, इच्छाच नाही, अशी कारणे सगळे सांगत. ट्राइसमन मुलांबरोबर जाऊन ती अभ्यास कशी करतात ते पाहत बसले. ती भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले आधी एकटी झगडत आणि मग जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जेवतानाही त्याच गप्पा. ट्राइसमन यांनी मग उजळणीचे वर्ग काढले नाहीत, उलट जास्त अवघड गणिते देऊन मुलांना गटात बसवले. निकाल पालटले. हे वाचताना मला बर्कली कमी आणि आपले बोर्डिंग जास्त आठवत होते.

भारतात या गोष्टी आल्या त्या बऱ्याचशा परिपत्रकातून. आयआयटी मुंबईत वरच्या वर्षाच्या मुलांनी नव्यांना हाताशी धरण्याची घट्ट व्यवस्था आहे. २०१९ मध्ये यूजीसीने ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची मार्गदर्शिका काढली. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात मेंटॉरमागे किती विद्यार्थी ते लिहावे लागते. तिथे मेंटॉर म्हणजे प्राध्यापक. त्याच अहवालांसाठी ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ अशा याद्या करण्याची रीत पडली. स्लो लर्नरच्या यादीत नाव लागलेला मुलगा दुपारच्या बैठकीला का येत नाही, याचे उत्तर कॅन्सस सिटीने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

कोल्हापुरात अडचण वेळेची आणि पैशाची. जिथे ही योजना टिकली तिथे कोचला बहुधा मानधन असते. शिवाजी विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. अशा योजनांत कार्यालय, ग्रंथालय, बाग यांतल्या कामाचे तास धरले जातात. आठवड्याला चार ज्युनिअरना घेऊन बसण्याचे तासही त्यात धरले तर नवीन खाते उघडायला नको. वेळेचे गणित त्याहून अवघड. शेवटचा तास संपल्यापासून मुले सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, गाडीची वाट बघत उभी असतात तोवरचा अर्धा-पाऊण तास, एवढाच सगळ्यांचा मोकळा असतो. बैठक घ्यायची तर तिथेच, बाकड्यावर, मधेच फलाटावर गाडी लागली की उठून पळायच्या तयारीत.