नदीला कुठलं आलंय मन, तरी ती 'लेन्तामेन्ते' वाहते

परवा तो फॉरवर्ड परत आला. स्पॅनिशमधलं 'मेन्ते' म्हणजे आपलं 'मन', म्हणून स्पॅनिश संस्कृतातून निघाली वगैरे. यातला खरा भाग थोडाच आहे, पण तो इतका भारी आहे की लिहायलाच बसलो.

स्पॅनिशमध्ये विशेषणाला 'मेन्ते' जोडलं की क्रियाविशेषण होतं. लेन्तो म्हणजे संथ, लेन्तामेन्ते म्हणजे संथपणे. क्लासमध्ये आम्हाला सांगितलं, आधी विशेषण स्त्रीलिंगी करा, लेन्तोचं लेन्ता, मग जोडा. का? तर नियम आहे म्हणून. अरे पण क्रियाविशेषणाला कसलं आलंय लिंग?

तर लॅटिनमध्ये 'मेन्स' म्हणजे मन, बुद्धी, आणि हा शब्द स्त्रीलिंगी. त्याचंच रूप 'मेन्ते', म्हणजे 'मनाने'. 'क्लारा मेन्ते' म्हणजे स्वच्छ मनाने. आपण 'शांत मनाने ऐकून घे' म्हणतो ना, डिट्टो तेच. लॅटिनची स्वतःची क्रियाविशेषणं होती, शेवटी 'ए' किंवा 'इतेर' लावून केलेली, पण बोलता बोलता शब्दांची टोकं पुसट होत गेली आणि लोकांनी ही 'मनाने'वाली जोडी हाताशी धरली. वापरून वापरून त्यातलं मन झिजलं, शेपूट तेवढं उरलं. जर्मनीतल्या राइशेनाउ मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 8व्या शतकातल्या शब्दार्थ-यादीत 'सिंगुलारितेर' या जुन्या शब्दापुढे सोपा अर्थ लिहिलाय 'सोलामेन्ते', म्हणजे 'फक्त'. 'फक्त'मध्ये मनाचा काय संबंध! तिथवर ते झिजून गेलेलं होतं.

गंमत म्हणजे शेपूट अजून पक्कं चिकटलेलं नाही. 'संथपणे आणि स्पष्टपणे' म्हणायचं तर 'लेन्ता इ क्लारामेन्ते', मेन्ते एकदाच येतं, जसं आपल्या 'शांत आणि स्वच्छ मनाने'मध्ये मन एकदाच येतं. आघातही दोन पडतात, रापिदामेन्तेत (म्हणजे वेगाने) 'रा'वर एक आणि 'मेन'वर एक, म्हणून रापिदोमधली स्वरावरची तिरकी रेघ लिहिताना तशीच ठेवायची, फासिलमेन्तेतही तशीच (फासिल म्हणजे सोपं, त्याला स्त्रीलिंगी वेगळं नाही, ते सरळ जोडायचं), आणि लेन्तोला मुळात रेघ नाही म्हणून लेन्तामेन्तेलाही नाही. 'चांगला' म्हणजे बुएनो, त्याचं मात्र बिएन होतं. ते जुन्या लॅटिन 'बेने'चंच रूप, झिजण्यातून वाचलेलं.

आता फॉरवर्डवाले. संस्कृत स्पॅनिशची आई नाही. संस्कृत आणि लॅटिन या बहिणी, दोघींची मूळ भाषा त्याहून जुनी. आणि 'मेन्स'चं सगळ्यात जवळचं नातं संस्कृत 'मति'शी आहे, 'मन' त्याच घराण्यातलं पण जरा लांबचं. मतीही स्त्रीलिंगीच बरं का, 'माझी मती गुंग झाली' म्हणतोच की आपण.