लार्ज ब्लू फुलपाखरू आणि गवताची उंची: पार्श्वभूमी

कीटकांसाठी अधिवास कसा राखावा, या चर्चेत ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू फुलपाखराचा विषय हमखास निघतो. १९७९ मध्ये ते तिथून नामशेष झालं. त्याच्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून नव्हे, त्याला वाचवण्याची धडपड तर कित्येक दशकं चालू होती. म्हणून हा इतिहास नीट समजून घ्यायला हवा.

निळ्या पंखांवर काळे ठिपके असलेलं हे फुलपाखरू ब्रिटनमध्ये १७९५ मध्ये पहिल्यांदा नोंदवलं गेलं. ते दुर्मीळ असल्यामुळे संग्राहक त्याच्यामागे लागले आणि संख्या घटू लागल्यावर दोषही त्यांच्यावरच आला. उपाय ओघानेच ठरला: जागा राखीव करा, कुंपण घाला, जाळी घेऊन येणाऱ्यांना बाहेर ठेवा. पण कुंपणामुळे गुरंही बाहेर राहिली. गवत वाढलं आणि राखलेल्या जागेतूनच फुलपाखरू गेलं. असं का झालं, याचं कारण तेव्हा कुणालाच कळलं नाही.

हे कारण दडलं होतं जमिनीखाली. मादी थाइम या बुटक्या, सुगंधी झुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि मग जमिनीवर उतरून स्वस्थ पडून राहते. लाल मुंगी आली की अळी गोड स्राव देते. मुंगी फसते आणि आपल्याच वारुळातलं पिल्लू समजून तिला उचलून घरी नेते. पुढचे सुमारे दहा महिने अळी तिथे मुंग्यांची पिल्लं खात वाढते. तिच्या वजनातली ९८ टक्के वाढ वारुळातच होते आणि कोषही तिथेच बनतो. चॅपमन आणि फ्रोहॉक या कीटक-अभ्यासकांनी हे गूढ १९१५ च्या सुमारास उलगडलं होतं. पण कोणतीही लाल मुंगी चालते, असाच समज राहिला.

१९७२ मध्ये जेरेमी थॉमस हा तरुण संशोधक या फुलपाखराच्या शेवटच्या वसाहतींपाशी जाऊन राहिला. अंडी, अळ्या, वारुळं, गवत, सगळ्यांची मोजदाद त्याने चिकाटीने केली. त्यातून कळलं की अळी टिकते ती मुख्यतः एकाच जातीच्या वारुळात, ती म्हणजे मिर्मिका सॅब्युलेटी. या मुंगीला ऊबदार माती लागते. दक्षिणेकडच्या उतारावर गवत दोन-तीन सेंटिमीटर इतकं आखूड असेल तरच ब्रिटनमध्ये तिला ती ऊब मिळते. गवत थोडं जरी वाढलं, तरी मातीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं आणि दुसऱ्या जातीच्या लाल मुंग्या जागा घेतात. त्यांच्या वारुळात बहुतेक अळ्या मरतात. वरून पाहणाऱ्याला मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. थाइम फुललेलं असतं, लाल मुंग्याही असतात. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वात अस्वस्थ करते.

गवत वाढण्याचं कारण फक्त कुंपण नव्हतं. डोंगरउतारांवर गुरं-मेंढ्या चारणं शेतकऱ्यांना परवडेनासं झालं होतं. उरलंसुरलं गवत ससे कुरतडून आखूड ठेवत. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ आली, देशातले बहुतांश ससे मेले आणि उतार गवताने-झुडपांनी भरून गेले. थॉमसला उत्तर सापडलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यातच १९७५-७६ चा कडक दुष्काळ आला आणि उरलेली मोजकी फुलपाखरं त्यातून सावरली नाहीत.

उत्तर मात्र हातात होतं. आधी उतार तयार केले: झुडपं काढली, गुरं परत आणली, थाइम फुलायच्या दिवसांत ती हलवली. सॅब्युलेटी मुंग्या पुरेशा झाल्यावरच फुलपाखरं आणायची, हा क्रम ठरला. १९८३ पासून स्वीडनच्या ओलांद बेटावरून ती आणली गेली, आधी डार्टमूरला आणि पुढे सॉमरसेटच्या पोल्डन टेकड्यांवर. ती टिकली, पसरली. २००९ मध्ये थॉमस आणि सहकाऱ्यांनी हे सगळं सायन्स नियतकालिकात मांडलं.

आपल्याकडे कासच्या पठारावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. चराई थांबली की गवत माजून फुलं दबतात का, यावर तिथे बराच वाद झाला. ब्रिटनमधलं उत्तर कासला जसंच्या तसं लागू पडणार नाही. तिथला कातळ, पाऊस, मुंग्या सारंच निराळं आहे. पण एकेका जातीला नेमकं काय लागतं हे आधी शोधायचं आणि मग चराईचा निर्णय घ्यायचा, ही पद्धत आपण जरूर घ्यावी. गुरं म्हणजे नासधूस, हे आपण फार सहज धरून चालतो.

ब्रिटनमध्ये काम अजून चालू आहे. ग्लॉस्टरशरच्या रॉडबरो कॉमनवर सुमारे पाच वर्षं चराईची घडी बसवून आणि झुडपं आटोक्यात आणून २०१९ मध्ये १,१०० अळ्या सोडल्या. २०२० च्या उन्हाळ्यात तिथे अंदाजे ७५० लार्ज ब्लू उडाली. त्या माळावर ती दीडशे वर्षं दिसली नव्हती.