कोकणात सोलर? पावसाला दोष देऊ नका, माडाकडे बघा

"चार महिने पाऊस, सोलर काय कामाचं?" रत्नागिरीत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. फिनलंडच्या हेलसिंकीत डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा, तरी तिथल्या छपरांवर पॅनेल आहेत. कारण हिशेब वर्षाचा असतो. तिथे एक किलोवॅटची पॅनेलं वर्षाला साधारण ८५० युनिट देतात, आपल्याकडे १४०० च्या आसपास. ढगांतूनही उजेड झिरपतो. वीज घटते, थांबत नाही. उलट पॅनेल २५ अंशांपुढे तापलं की दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के उत्पादन कमी होतं! एप्रिल-मेची जादा युनिटं नेट मीटरिंगमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीमुळे, पावसाळ्यातल्या बिलांत वळती होतात. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकी मासळी भरून ठेवतो, तसंच हे. माडाची सावली मात्र टाळा. एक झावळी आडवी आली तरी युनिटं चांगलीच घसरतात.