उन्हाळी निवासी शिबिराचे चार दर आणि आपला दर निवडण्याची पद्धत

मे महिन्यातील आमच्या सहा दिवसांच्या निवासी शिबिरासाठी यंदापासून एकच शुल्क नाही. १,८००, ३,६००, ६,००० आणि ८,४०० रुपये असे चार दर असून त्यांपैकी कोणता दर आपल्या कुटुंबाला पेलेल, हे पालकांनी स्वतः ठरवायचे आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, पगारपत्रक किंवा शाळेचे पत्र यांपैकी काहीही मागितले जाणार नाही. पुण्याहून भोर तालुक्यात नेणारी-आणणारी बस, राहणे, जेवण, आकाशदर्शन, मातीकाम आणि ओढ्याकाठची भटकंती हे सगळे चारही दरांत अगदी सारखे आहे. या पद्धतीचा हिशेब कसा बसतो, हे नोंदणी करण्यापूर्वी आपल्याला कळावे, म्हणून हे पत्रक.

हिशेब

एका तुकडीत ४० मुले असतात आणि तिचा एकूण खर्च २ लाख ४० हजार रुपये येतो. त्यात जागेचे भाडे ५५,००० रुपये, बस ३४,०००, सहा ताई-दादांचे मानधन ५४,०००, परिचारिकेचे मानधन ९,००० आणि स्वयंपाकी व मदतनिसांची मजुरी १८,००० रुपये आहे. आमचा कार्यालयीन खर्च आणि नफा मिळून १४,००० रुपये होतात. उरलेल्या ५६,००० रुपयांत शिधा, भाजीपाला, दूध, गॅस, मातीकामाचे साहित्य आणि विमा येतो. एकूण खर्चाला ४० ने भागले की मुलामागे ६,००० रुपये पडतात. तिसरा दर म्हणजे हाच प्रत्यक्ष खर्च.

यातला बहुतेक खर्च मुले किती येतात यावर अवलंबून नसतो. बसमध्ये ३९ मुले बसली तरी भाडे तेवढेच द्यावे लागते आणि ताई-दादाही तेवढेच लागतात. एक जागा रिकामी राहिली, तर वाचतात ते फार तर त्या मुलाच्या जेवणाचे, साहित्याचे आणि विम्याचे १,४०० रुपये. म्हणूनच सर्वांत कमी दर १,८०० रुपये ठेवला आहे. त्या दराने आलेले मूल स्वतःचा वाढीव खर्च भरून तुकडीच्या सामाईक खर्चालाही थोडा हातभार लावते.

अर्थात सगळीच मुले १,८०० रुपयांत आली, तर शिबिर उभेच राहणार नाही. म्हणून प्रत्येक तुकडीत १,८०० रुपयांच्या चार आणि ३,६०० रुपयांच्या पाच जागा ठेवल्या आहेत. या नऊ जागांमुळे येणारी तूट २८,८०० रुपये होते, आणि ८,४०० रुपयांच्या दराने बारा नोंदण्या झाल्या की, प्रत्येकी २,४०० रुपये जास्तीचे मिळून, ती नेमकी भरून निघते. उरलेली १९ मुले ६,००० रुपयांत येतात. बारांपेक्षा जास्त कुटुंबांनी वरचा दर निवडला, तर अशा प्रत्येक नोंदणीमागे ३,६०० रुपयांची आणखी एक जागा आम्ही उघडतो. बारांपेक्षा कमी नोंदण्या झाल्या, तर पहिल्यांदा आमच्या १४,००० रुपयांना कात्री लागेल; एकदा दिलेली जागा मात्र काढून घेतली जाणार नाही.

दाखला का मागत नाही

पूर्वी आम्ही प्रत्येक तुकडीत चार जागा ‘गरजू मुलांसाठी मोफत’ ठेवत असू आणि त्यांसाठी उत्पन्नाचा दाखला व शाळेचे पत्र मागत असू. त्यांतल्या दोन-दोन जागा रिकाम्याच जात. एका आईने अर्ज हातात घेतला, शीर्षक वाचले आणि तो शांतपणे टेबलावर परत ठेवला, तेव्हा आमच्या ध्यानात आले की आमची सवलत पैशाची अडचण दूर करत असली, तरी तिची किंमत दुसऱ्याच रूपात वसूल करत होती. आमच्या एका भागीदाराचे आजोबा पुण्यात वार लावून शिकले. जेवण मिळे, पण कोणत्या वारी ते कोणाच्या पंगतीला बसतात, हे साऱ्या आळीला ठाऊक असे.

शिवाय दाखल्यावरून ऐपत कळतेच असे नाही. केशरी शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा १ लाख रुपये आहे आणि शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांसाठी राज्यात दुर्बल घटकाची मर्यादाही तितकीच आहे. म्हणजे महिन्याला सुमारे ८,३३० रुपये. धुणीभांडी करणारी आई आणि सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे वडील मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात, म्हणून त्यांना शिबिराचे ६,००० रुपये परवडतात असे कोण म्हणेल?

कोणी परवडत असूनही कमी दर निवडला तर, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. कमी दराच्या जागा मोजक्याच असल्याने त्यामुळे शिबिर बुडणार नाही, पण दुसऱ्या एखाद्या मुलाची जागा जाईल. एवढे सांगून आम्ही निर्णय आपल्यावर सोपवतो.

दर कसा निवडावा

निव्वळ पगाराचा आकडा पाहू नये. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, घरातील आजारपण, गावी पाठवायचे पैसे आणि मिळवत्या व्यक्तींवर अवलंबून असलेली माणसे यांचा विचार करावा. शिबिरासाठी उसने घ्यावे लागणार असतील, तर पहिला दर आपला आहे. महिनाअखेरीस थोडे उरते, पण ६,००० रुपये एकदम काढले की दुसरे काही अडते, अशी स्थिती असेल तर दुसरा. सुट्टीत सहलीला जाणे आणि क्लासचे शुल्क भरणे ज्यांना विशेष जड जात नाही, त्यांनी चौथ्या दराचा विचार अवश्य करावा. त्याबद्दल त्यांना वेगळी खोली, भेटवस्तू किंवा फलकावर नाव मिळणार नाही. आमची भागीदारी संस्था आहे, धर्मादाय न्यास नव्हे, त्यामुळे देणगीवरची करसवलतही मिळणार नाही.

लवकर नोंदणी करणाऱ्यांना मिळणारी १० टक्के सवलत आम्ही बंद केली आहे. जानेवारीत ज्यांच्या हातात पैसे असत त्यांनाच ती मिळे आणि ज्यांना तिची खरी गरज होती ते एप्रिलमध्ये पूर्ण रक्कम भरत, हे आमच्या लक्षात यायला फार वेळ लागला.

शुल्क फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि ऑगस्ट अशा चार समान हप्त्यांत भरता येईल. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि शाळेच्या रिक्षाचे पैसे एकदमच उभे राहतात, म्हणून मे ते जुलै या काळात हप्ता ठेवलेला नाही.

शुल्काखेरीज होणारा खर्चही आम्ही शक्य तेवढा कमी केला आहे. पाठपिशवी, विजेरी, पाण्याची बाटली आणि अंथरूण-पांघरूण सर्व मुलांना शिबिरातर्फे वापरायला दिले जाईल. घरून आणलेले यांतले काहीही चालणार नाही. बूट नवे नकोत, रोजचे वापरातले पुरेत. हातखर्चाचे पैसे मुलांजवळ देऊ नयेत. बस रविवारीच निघते व शुक्रवारी रात्री आठनंतर परत येते, कारण मुलाला सोडण्या-आणण्यासाठी रोजंदारीवरील पालकाचा दिवस बुडला, तर सवलतीचा बराचसा भाग तिथेच जातो.

कोणी कोणता दर निवडला हे फक्त हिशेब पाहणाऱ्या एका भागीदाराला माहीत असते. ताई-दादांच्या यादीत मुलाचे नाव, वय, रक्तगट आणि औषधांची माहिती एवढेच असते. नोंदणीनंतर परिस्थिती बदलली, तर शिबिर सुरू होण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत दर खाली किंवा वर बदलता येईल. खालच्या दरातील जागा तोवर भरल्या असल्यास उरलेल्या रकमेचे आणखी हप्ते पाडून दिले जातील. याच मुदतीत नोंदणी रद्द केल्यास भरलेली पूर्ण रक्कम परत मिळेल, मग दर कोणताही असो. त्यानंतर रद्द केल्यास निम्मी.