तापलेलं पाणी आणि उकळलेलं पाणी

सासरे आमच्याकडे राहायला आले की पहाटे तांब्या घेऊन थेट बाथरूम गाठायचे. गिझरचा नळ सोडायचा, वाफ दिसली की तांब्या भरायचा आणि त्यात लिंबू पिळायचं. ‘उकळलेलंच आहे की,’ हे वर. उकळलेलं नसतं, तापलेलं असतं. साठ अंशांचं पाणी हात भाजतं आणि शंभराचंही भाजतं, त्यामुळे हाताला यातलं काही कळत नाही.

उकळलेल्या पाण्याची खूण डोळ्यांना दिसते. बुडबुडे खळाखळा वर यायला लागले की आणखी एक मिनिट उकळू द्यायचं, रोगजंतू मरतात. दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे, तेव्हा महाराष्ट्रात तो प्रश्न येत नाही.

गिझरचा थर्मोस्टॅट साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांवर बंद होतो. पासष्ट अंश काही मिनिटं टिकले तरी बहुतेक जंतू मरतात, हे खरं. पण आपण विजेच्या बिलाच्या धाकाने दहा मिनिटांत बटण बंद करतो. वरून गरम पाणी काढलं की खालून तेवढंच गार आत येतं. मग टाकीत दिवसभर कोमट पाणी पडून राहतं. लिजिओनेला नावाच्या जंतूला वीस ते पंचेचाळीस अंश मानवतात. तो मुख्यतः पिण्यातून नाही, तर शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. पण कोमट टाकीत काय वाढू शकतं, ते यावरून कळावं.

जंतू एकवेळ बाजूला ठेवू. आमचा गिझर सर्व्हिसिंगला उघडला तेव्हा कॉइलवर बोटभर पांढरा चुना होता. मॅग्नेशियमची कांडी तर चोखून टाकलेल्या उसासारखी झाली होती. ती झिजावी म्हणूनच बसवलेली असते, म्हणजे टाकी गंजत नाही. चुन्यानेही अपाय होत नाही. पण गरम पाणी गारापेक्षा धातू जास्त विरघळवतं. नळाच्या जोडांतलं तांबं, जुन्या पितळी तोट्यांतलं शिसं त्यात उतरू शकतं. म्हणूनच पिण्या-रांधण्याला गार नळाचंच पाणी घ्या, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते.

शिवाय आपल्या बिल्डिंगांमधली गोष्ट वेगळीच. स्वयंपाकघरात बऱ्याचदा पालिकेची थेट लाइन असते आणि बाथरूमला गच्चीवरच्या टाकीची. त्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचंही पाणी पडतं. टाकी शेवटची कधी धुतली, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून बघा.

यावर बायकोची सूचना: गिझरचंच पाणी पातेल्यात ओतून उकळू, गॅस वाचेल. जंतू मरतील, मान्य. शिसं मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाटच होतं.

चूळ भरताना एखादा घोट गेला तर घाबरू नये. रोजचा तांब्या भरणं वेगळं.

आता ओट्यावर विजेची किटली ठेवली आहे. बटण टक्कन पडलं की सासरे तांब्या पुढे करतात. पहिल्या दिवशी घोट घेऊन म्हणाले, “याला ती गिझरची चव नाही.”